शाल्मलीचं सुतक

"कशानं मेल्या म्हणतेस?" पावट्याची शेंग सोलता सोलता खांबेटे सरांनी विचारलं.

"माझ्या हलगर्जीपणानं. दुसरं काय?" शाल्मली ओसरीच्या पायरीवर मटकन बसली. "सकाळी बघते तर पेशींची अख्खी डिश मेलेली. सर, मी संशोधन सोडतेय. उद्या सांगून टाकते."

सर निवृत्त होऊन वाईला राहायला आले, तरी त्यांची ही लाडकी विद्यार्थिनी प्रयोगशाळेतलं रडगाणं घेऊन इथवर यायचीच. कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी वाढवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे ती स्वतःच चारचौघांत सांगायची. सणावारीसुद्धा प्रयोगशाळेत जाऊन त्या पेशींना खाऊपिऊ घालायची. आजवर तिच्या हातून एक डिश दगावली नव्हती. आज मात्र तोरा पार उतरला होता.

"घातलं काय होतंस?"

"मायक्रोआरएनए. जनुकांना गप्प करणारा इवलासा तुकडा. निरोगी पेशीत असतो, या गाठीत तो हरवलेला असतो. म्हटलं, परत घालून बघू, वाढ जरा मंदावते का..."

"निरोगी पेशींनाही घातलास?"

"हो, शेजारच्या डिशमध्ये. त्या मजेत आहेत. तेच खाणं, तोच इनक्यूबेटर, तोच हात."

"आणि गाठीतल्या? फुटल्या होत्या? हेळसांडीनं मेल्या तर फुटतात."

"नाही. आक्रसून बारीक बारीक गोळे झाले होते. अगदी... शिस्तीत."

सर उठून आत गेले. चिमूटभर साखर आणून त्यांनी तिच्या तळव्यावर ठेवली.

ती साखरेकडे बघत राहिली...

"सर... त्या कर्करोगाच्या पेशी होत्या."

"हो ना. आणि तू सुतक पाळतेयस."

शाल्मलीला आधी हसू फुटलं, मग रडू. तिच्या जिवात जीव आला. इतकी वर्षं ज्यांना लाडानं जगवलं, त्या मरायलाच हव्या होत्या, हे ती साफ विसरून गेली होती. तिनं साखर तोंडात टाकली, ओढणीनं डोळे पुसले, आणि गेलेला तोरा लगेच परत आला.

"उद्या पुन्हा करून खात्री करते. पण म्हणजे सर, मी मारलं त्यांना!"

सरांनी पुढची शेंग उचलली.

"तू कशाला मारतेस? मरायचं कसं, ते त्यांना ठाऊकच होतं. त्या तुकड्यानं फक्त 'मरू नको' म्हणणाऱ्या जनुकाला गप्प केलं."