ढोलीचा करार

सह्याद्रीतल्या एका दाट जंगलात, ऐनाच्या जुन्या झाडावर, एक धनेशीण राहत होती. धनेश पक्ष्याची ही मादी अंडी घालायच्या वेळी ढोलीत शिरते आणि दार चिखलाने लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते, बस्स. पिलं मोठी होईपर्यंत जोडीदार तिला बाहेरून खाऊ घालतो. पण हिच्या जोडीदाराला गरुडाने मारलं होतं, आणि अंडी काही कुणासाठी थांबत नाहीत! म्हणून तिने पोपटाला बोलावलं. "आत गेले की माझी पिसं गळतात, मला उडता येत नाही. तू रोज उंबरं आणून दे. पिलं उडाली की ही ढोली तुझी." त्या ढोलीवर पोपटाचा कधीचा डोळा होता. "ताई, अगदी निर्धास्त राहा!" तो म्हणाला.

सुरुवातीला पोपट नेमाने आला. कधी कधी उंबरं कच्ची असायची. धनेशीण कुरकुरायची, पण चालवून घ्यायची. मग अंडी फुटली, दोन पिलं बाहेर आली. आणि नेमकी तेव्हाच पोपटाला दरीपलीकडे पेरूची बाग सापडली. झालं, स्वारी तिकडेच रमली! निदान सांगून जावं, दुसऱ्या कुणाला पाठवावं, छे! इकडे पिलं चोची वासून रडताहेत आणि हा तिकडे गोड पेरू निवडून खातोय. सांगतानासुद्धा माझ्या अंगाचा तिळपापड होतो, मुलांनो. शेवटी तिच्या हाका पलीकडच्या रानातल्या शेकरूने ऐकल्या. ती मोठी तांबूस खार आपलं काम टाकून उंबरं घेऊन धावली आणि मग रोज येत राहिली. थोरलं पिलू वाचलं. धाकटं तिच्या येण्याआधीच गेलं होतं.

पुढे भिंत फोडून आई आणि पिलू बाहेर आली, पिलू उडालं, आणि त्याच दिवशी पोपट हजर! "पिलू उडालं ना? मग ढोली माझी. ठरलंच होतं तसं." अरे, लाज कशी वाटत नाही? धनेशीण त्याला घेऊन थेट रानातले तंटे सोडवणाऱ्या म्हाताऱ्या गव्याकडे गेली. तिथेही पोपट तोंड वर करून बोलत होता. "आजोबा, मी कितीतरी उंबरं आणली. थोडे दिवस चुकले, तेवढे कापून घ्या. आणि हिला एवढी भूक लागली होती, तर भिंत फोडून बाहेर का आली नाही?"

गवा जोरात फुत्कारला. "पिसं नसलेली आई बाहेर येऊन करणार काय होती? आणि हे तिने तुला आधीच सांगितलं होतं. कच्ची उंबरं आणलीस, ती चूक लहान. तेवढ्यापुरतं कापून घेतलं असतं. पण रोज खाऊ घालणं हाच तर करार होता! तो तूच मोडलास, आता ढोली कसली मागतोस? ती शेकरूची. शिवाय तिने जेवढे दिवस तुझं काम केलं, तेवढे दिवस तू तिला फळं आणून द्यायचीस."

"देतो!" पोपट पंख झटकत म्हणाला. "म्हणजे मग सगळं फिटलं ना?"

"आणि माझं धाकटं?" धनेशिणीने विचारलं.

गव्याने मान खाली घातली. "बाई, ढोली मी काढून घेऊ शकतो, फळं भरून देववू शकतो. तुझं पिलू कुठून आणू?" मग तो पोपटाकडे वळला. "फळं रोज आण. पण फिटलं असं पुन्हा म्हणू नकोस."

तात्पर्य : ज्या शब्दावर दुसऱ्याचा जीव टांगलेला असतो, तो मोडल्यावर भरपाई देता येते, पण त्यातून सुटता येत नाही.