सात नंबरचा ठोका

“...मग उद्या वाजवू का नको, उस्ताद? तेवढं एक सांगा.”

प्रल्हाद ढोकेनं गळ्यातला ताशा काढून बाजेवर ठेवला. स्वतः मात्र उभाच राहिला.

मुनीर उस्ताद अंगणात कडुलिंबाखाली बसून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बस पहिले.”

“बसाले वेळ नाही, उस्ताद.”

“मग मलेही सांगाले वेळ नाही,” असं म्हणून उस्तादांनी दुसरा गुडघा हाती घेतला.

प्रल्हाद बसला. न बसून जातो कुठे?

आता उस्ताद म्हणजे कोण, हे आमच्या पेठेत विचाराल तर लोक तुमच्या तोंडाकडे पाहत राहतील. मैदानावर सिमेंट नव्हतं, बास्केटची रिंग लोहाराकडून वाकवून आणलेली होती, तेव्हापासून या माणसानं पेठेतल्या पोरांना बास्केटबॉल शिकवला. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता आजोबा झाली. पन्नाशीचा प्रल्हादही त्यांचाच चेला. पण त्याच्या हातात चेंडू काही टिकायचा नाही, ओल्या साबणासारखा सटकायचा. शेवटी एक दिवस उस्तादांनीच त्याच्या गळ्यात ताशा अडकवला आणि म्हणाले, “तू हे खेळ.” तेव्हापासून एरवी पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारा प्रल्हाद सामन्याच्या दिवशी आमचा ताशेवाला झाला.

आणि आमच्या मैदानाची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचे खेळाडू मेंढरांसारखे एकदम आत शिरत नाहीत. फाटकातून एकेक जण येतो, आणि ज्याच्या त्याच्या ठोक्यावर येतो. ठोका प्रल्हादचा. प्रत्येकासाठी वेगळा. बाहेरगावचे लोक पहिल्यांदा हसतात, मग तेही टाळ्यांचा ताल धरतात. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायासुद्धा नुसता ठोका ऐकून सांगायच्या, “आला गं काळबांडेचा उंच्या!”

हा उंच्या म्हणजे अविनाश काळबांडे. शर्ट नंबर सात. पेठेचा लाडका, मंडळाचा कणा.

तर या अविनाशला मंडळानं दिवाळीनंतर नागपूरच्या एका क्लबला देऊन टाकलं. बदल्यात दोन कोवळी पोरं आली आणि मंडळाच्या डोक्यावरचा खर्च हलका झाला. अध्यक्ष म्हणाले, मंडळ जगलं पाहिजे. अध्यक्षांचं चुकलं असं कोणी छातीठोक म्हणू शकत नव्हतं. पण बरोबर गोष्ट गोडच लागते असं थोडंच आहे!

आणि उद्या रविवारी तोच नागपूरचा संघ आमच्या मैदानावर खेळायला येणार होता. अविनाश आमच्याच फाटकातून येणार, पिवळा शर्ट घालून.

“सकाळी भास्करच्या टपरीवर महाभारत झालं, उस्ताद,” प्रल्हाद म्हणाला.

झालंच होतं. तर्री-पोह्याच्या प्लेटा हातात, आणि तोंडात पोह्यांपेक्षा भांडणच जास्त. एसटीतून रिटायर झालेले बोंडेकाका एका बाजूला, मेडिकल स्टोअरवाला मुन्ना दुसऱ्या.

“अंथरूण पाहून पाय पसरावं म्हणतात ना?” बोंडेकाका म्हणाले. “त्याचा एकट्याचा खर्च अख्ख्या मंडळाएवढा. त्याच्या जागी दोन पोट्टे भेटले. वाईट काय झालं?”

“देवळातली मूर्ती विकून दोन घंट्या आणल्या, काका, अन् तुम्ही म्हणता वाईट काय झालं?” मुन्ना भडकला.

“घंट्या वाजतात तरी. मूर्तीचा गुडघा दुखून राहिला होता.”

“गुडघा दुखत होता तरी फायनल कोणं जिंकून देल्ली?”

“त्यानंच देल्ली. कोण नाही म्हणते? पण ती फायनल किती वर्षं पुरवून खासान?”

इथवर ठीक होतं. पण मंडळानं सात नंबरचा शर्ट नव्या पोरांपैकी एकाला देऊन टाकला होता, आणि गाडी तिथं येऊन अडली. बोंडेकाकांचं म्हणणं, ठोका सात नंबरचा. नंबर ज्याच्या पाठीवर, ठोका त्याचा, जसं सीट ज्याच्या तिकिटावर त्याची. मुन्ना म्हणाला, ठोका अविनाशचा. नव्या पोट्ट्यासाठी वाजवला तर ताशात पाणी ओतीन. कोणीतरी विचारलं, मग अविनाशसाठी वाजवायचा का? मुन्ना म्हणाला, तो आता त्यांचा झाला, त्याच्यासाठी वाजवला तरीही ओतीन.

म्हणजे कसाही वाजवला तरी ताशा ओलाच.

प्रल्हाद पोह्यांची प्लेट तशीच टाकून उठला. आमच्याकडे माणूस तर्री-पोहे अर्धे टाकून उठतो, म्हणजे त्याची काय गत झाली असेल ते तुम्हीच समजा.

“तर असं हाये, उस्ताद. इकडं आड, तिकडं विहीर. तुम्ही फक्त नको म्हणा. हा ताशा इथं ठेवून जातो. पुन्हा मैदानाची पायरी चढणार नाही.”

उस्तादांनी गुडघा हळूच सरळ केला. कट्‌ असा आवाज झाला.

“अविनाश काय म्हणते?”

“कोण... अविनाश? भेटलो नाही.”

“गावात नव्हता?”

“होता. सामान न्याले आला होता. माह्या दुकानापुढूनच गेला.”

“मग?”

“मी आत गेलो. एक मोटर खोलून बसलो.”

“खराब होती मोटर?”

“...नाही.”

“हं.”

उस्तादांनी बाटलीतून तळहातावर आणखी तेल घेतलं. मग म्हणाले, “अन् तो नवा पोट्टा? नाव काय त्याचं?”

प्रल्हाद ताशाची दोरी चाचपू लागला.

“सारे सात नंबरच म्हणतात त्याले.”

“मायबाप नाव ठेवतात, बेटा. शर्ट ठेवत नाही.”

हे मात्र प्रल्हादला झोंबलं. तो ताडकन उठला.

“तुमाले नाही समजायचं, उस्ताद! तुम्ही पोट्टे शिकवले अन् सोडून देल्ले. मी त्याले आत आणला. दर सामन्याले मी आणला. त्याचे पाय माह्या ठोक्यावर पडत. अख्ख्या जिल्ह्यात लोक म्हणत, अविनाशचा खेळ अन् प्रल्हादचा ताशा. आता तो गेला. मंग माह्या ताशात राहिलं काय, सांगा बरं?”

राग आपला वरवरचा. आतून माणूस पोरका झाला होता.

उस्तादांनी बाजेवरच्या ताशाकडे बोट दाखवलं.

“वाजव.”

“काय?”

“त्याचा ठोका. वाजव. मले ऐकू दे.”

“इथं? आता?”

“मग काय नागपूरले जाऊन वाजवतं?”

प्रल्हादनं पुन्हा बसून ताशा गळ्यात घेतला. कंबरेला खोचलेल्या काड्या काढल्या. क्षणभर थांबला, मग सुरू झाला. तड्‌... तड्‌... तडतडतड तड्‌.

समोरच्या घराची खिडकी उघडली. एका म्हातारीनं डोकं बाहेर काढलं, इकडंतिकडं पाहिलं, अविनाश कुठं दिसेना म्हणून तिथंच उभी राहिली.

प्रल्हादचे डोळे मिटले होते. हात आपोआप चालले होते. काय काय आलं असेल त्या मिटल्या डोळ्यांपुढं! उन्हाळ्याच्या सुट्टीतलं मैदान, भिंतीवर ओळीनं बसलेली पोरं, दिवेलागणीपर्यंत चालणारा चेंडूचा धपधप आवाज. कंबर बारीक असलेला मुन्ना. ड्यूटीवरून खाकी कपड्यांतच धावत आलेले बोंडेकाका, आणि फायनलचा शेवटचा चेंडू रिंगमध्ये पडताच हातातला तिकिटांचा पंच टकटक वाजवत मैदानभर नाचलेले तेच बोंडेकाका. त्या दिवशी दोघांनी एकमेकांना उचललं होतं. आज सकाळी एकमेकांच्या उरावर बसायचे तेवढे बाकी होते.

ठोका चढत गेला. घाई, आणखी घाई.

उस्तादांनी एकदम तळहात ताशावर ठेवला.

आवाज तिथंच मेला.

“उस्ताद! तेल लागलं ना त्याले!”

“लागू दे. एवढा जलद नव्हता हा ठोका.”

“आता जलदच वाजवतो. पहिले सावकाश होता.”

“पहिले म्हणजे कधी?”

“पहिल्या दिवशी.”

“काय झालं होतं पहिल्या दिवशी?”

“तुम्ही होते ना तिथं!”

“मी म्हातारा झालो. तू सांग.”

प्रल्हादनं ताशा गळ्यातून उतरवला, काड्या मांडीवर ठेवल्या.

“अकोल्याचा संघ आला होता. भिंतीवर पाय ठेवाले जागा नव्हती. आपले सारे पोट्टे आत गेले, अन् हा फाटकाले धरून उभा. नववीत का दहावीत असन. बूट मामाचे, पायातून निघून राहिले. हा असा लंबा, वाळका. कोणीतरी ओरडलं, ‘मांडवाले बांबू आणला का बे?’ सारं मैदान हसलं.”

“मग?”

“मग काय, आणखीनच थिजला. फाटक सोडे ना.”

“त्याचा ठोका नव्हता?”

“कुठून असन? नव्या पोट्ट्याले ठोका देत नसे आपण. पहिले खेळून दाखव, मग ठोका. तुमचाच कायदा होता तो.”

“मग तू काहून वाजवला?”

“त्याचे पाय उचलत नव्हते ना, उस्ताद!” प्रल्हादचा आवाज एकदम मऊ झाला. “मले पाहवे ना. म्हणून एक टाकला. तड्‌. त्यानं माह्याकडं पाहिलं, अन् एक पाऊल टाकलं. मी थांबलो, तर तोही थांबला. मग दुसरा टाकला. दुसरं पाऊल. असा करत करत मधल्या रेषेपर्यंत आणला त्याले. लहान पोराले चालवतात तसा. तवर हसणारे सारे चूप झाले होते.”

“मंग चांगला खेळला असन त्या दिवशी.”

“कायचा चांगला! दोन फाउल केले, अन् एक चेंडू तर आपल्याच बास्केटात टाकाले निघाला होता!”

प्रल्हाद हसला. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसला असेल. हसता हसता त्यानं डोळे पुसले.

“म्हणजे त्या दिवशी तो मोठा खेळाडू नव्हता.”

“काही नव्हता.”

“सात नंबर होता?”

“नाही. पाठीवर नंबरच नव्हता. शर्ट दुसऱ्याचा होता, उलटा घातला होता.”

“आपला होता?”

“आपला कुठचा? आदल्याच महिन्यात पेठेत राहाले आला होता. कोणी ओळखतही नव्हतं त्याले.”

“मग कोणासाठी वाजवला तू?”

“कोणासाठी म्हणजे? भ्याला होता बिचारा... म्हणून वाजवला.”

बोलून गेला, आणि प्रल्हाद थांबला.

...

खिडकीतली म्हातारी अजून उभी होती. तिला ठोका पुरा ऐकायचा होता बहुतेक. उस्ताद खांद्यावरच्या पंच्यानं ताशावरचं तेल पुसत होते, सावकाश, कडेकडेनं.

प्रल्हादनं खालच्या आवाजात विचारलं, “पण उद्या, उस्ताद? उद्या दोघंही त्याच फाटकातून येतीन. एक पिवळा शर्ट घालून, एक सात नंबर घालून. मुन्ना बादली घेऊन बसन. अन् मी... मी कोणाकडं पाहून वाजवू?”

उस्तादांनी ताशा त्याच्याकडं सरकवला. तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं, आणि कडुलिंबाच्या खोडाला धरून उठले.

“उद्या फाटकात कोण भ्यालं हाये, तेवढं पाहजो.”