एकटी बांगडी

कोल्हापुरात डोळे तपासायची यंत्रं बनवणारा एक कारखाना होता. तिथं लवू राऊळ पेट्या भरायचा. माणूस कोकणातला, हात आंब्याच्या पेट्यांवर बसलेला. यंत्रही तो पेंढ्यातच निजवायचा.

नवे मॅनेजर निमकर आले आणि पेंढा बघून भडकले. "अरे, हे यंत्र आहे, हापूस नव्हे! उद्यापासून फक्त माझं खोकं. बघ, चारी बाजूंना लाल अक्षरांत लिहिलंय, 'काच आहे, जपून हाताळा.'"

"साहेब, घाटातल्या खड्ड्यांना वाचता येत नाही," लवू म्हणाला.

सगळे हसले. निमकर आणखी चिडले. "मग दाखव तुझ्या पेंढ्याची करामत. नाहीतर जा परत कोकणात, आंबे भर!"

लवूनं खिशातून एक हिरवी काचेची बांगडी काढली. त्याची बायको शेवंती जाऊन सहा वर्षं झाली होती. तिची एवढीच उरली होती. तरी त्यानं ती पेंढ्यात बसवली, पेटी ठोकली आणि माळ्यावरून खाली टाकली. उघडली, तर बांगडी अखंड.

"आता तुमचं घड्याळ तुमच्या खोक्यात घाला, साहेब. मीच टाकतो."

निमकरांचा हात आपसूक घड्याळावर गेला.

"बाजारात दुसरं मिळेल अशा घड्याळाला जपता, आणि गावाचे डोळे तपासणारं यंत्र या खोक्यात घालता?"

निमकरांनी मान खाली घातली. "पेंढा आणा," एवढंच म्हणाले.

लवूनं बांगडी पुसली आणि कानाशी नेऊन हलवली. एकटी बांगडी वाजत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो रोज हलवून बघायचा.