धाकू गुरवाने कौल लावणे सोडले, त्याची कथा

खाडीकाठच्या वेळशी गावात निवांत महाराजांचे बारा वर्षे वास्तव्य होते. ते कुठून आले, कुणाचे कोण, हे कुणालाच माहीत नव्हते. दिवसाचा बराचसा वेळ ते डोंगरजाईच्या देवळाबाहेरच्या ओट्यावर कुशीवर झोपलेले असत, म्हणून लोकांनीच त्यांना हे नाव दिले. लांबून लांबून माणसे दर्शनाला येत आणि महाराज घोरत असत! कुणी चिडून परत जाई, कुणी पायाशी नारळ ठेवून जाई. आणि गंमत अशी की, परत गेलेल्यांपैकी पुष्कळांना पुढे स्वप्नात महाराज दिसत, आणि तिथे मात्र ते टक्क जागे असत.

त्या वेळशीला एक जुना नेम होता. डोंगरजाईच्या कौलाशिवाय आजारी माणसाने खाडी ओलांडायची नाही. दवाखाना पलीकडे बंदरावर. तेव्हा आधी माणसाला देवळात आणायचे, गुरवाने देवीच्या पाषाणाला डावीउजवीकडे एकेक पाकळी पाण्याने चिकटवायची आणि गाऱ्हाणे घालायचे. उजवी पडली तर जा, डावी पडली तर जाऊ नका. धाकू गुरवाने हे काम चाळीस वर्षे केले. मनापासून केले हो! कौल लावताना त्याच्या अंगावर काटा यायचा.

मग शेवंतीचे झाले. शेवंती ही त्याची एकुलती एक लेक, माहेरपणाला आली होती. भाताच्या पेंढ्यांच्या उडव्याजवळ तिला पान लागले, पायाला साप चावला. तिला देवळात आणून निजवली. गावात मोठी होडी एकच, अण्णा खोतांची, आणि ती त्या दिवशी बाजारासाठी नारळांनी भरून धक्क्याला उभी होती. खोत देवळाच्या खांबाला टेकून म्हणाले, "होडी तर भरलीय. पण देवी म्हणेल तसं करू." एवढेच म्हणाले. त्यांच्या जमिनीत राहणाऱ्या धाकूने एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि उजवी पाकळी अंगठ्याने जरा जास्तच दाबली. डावी पडली. होडी नारळ घेऊन बाजाराला गेली आणि दिवस मावळायच्या आत शेवंती त्या सभामंडपातच गेली.

बाराव्या दिवशी धाकूने बायकोला, आवडाबाईला, अंगठ्याचे सगळे सांगितले. तिने त्याला जेवायला वाढले आणि पुढे महिनाभर ती त्याच्याशी बोलली नाही. त्याने देवळाच्या किल्ल्या खोतांच्या ओटीवर ठेवल्या, कपाळाचा भंडारा पुसला आणि घरी बसून काथ्याची सुंभं वळायला लागला. कारण विचारले तर म्हणे, "पाकळीत देव नाही. मला आता ठाऊक झालंय." चुलतभाऊ रामा कौल लावू लागला.

गावाने धाकूला सोडले नाही. खोतांनी तर त्याचे नावच 'देवबुडव्या' ठेवले. गावजेवणात त्याचे पान शेवटी, उकिरड्याच्या बाजूला. येताजाता खोत हाक मारत, "काय रे देवबुडव्या, दुसरा देव मिळाला का बाजारात?" धाकू खाली मान घालून म्हणे, "शोधतोय, अण्णा." आणि तो खरंच शोधत होता हो! सकाळी उठला की त्याचा हात आपोआप फुलांच्या परडीकडे जाई आणि मध्येच थांबे. फुले कुणासाठी काढायची? देवीसाठी? तिनेच तर पोरीला 'जाऊ नको' म्हटले. की तिने म्हटलेच नव्हते? मग ती तेव्हा होती कुठे? या विचारांनी त्याचे डोके भणभणे. देवळात तो पाऊल ठेवत नसे, पण सुंभाची गुंडाळी घेऊन बाहेर ओट्याच्या पायरीवर, झोपलेल्या महाराजांच्या पायाशी जाऊन बसे. महाराजांनी त्याला कधी उपदेश केला नाही. एकदा तो हळूच म्हणाला, "महाराज, मी देव सोडला." महाराजांनी डोळे न उघडता पाय थोडे आखडून घेतले आणि त्याला बसायला ऐसपैस जागा करून दिली.

असे वर्ष गेले. पौष महिना आला. त्या दिवसांत वेळशीला सकाळी धुके असे काही उतरते की माणसाला आपलाच पुढे केलेला हात दिसत नाही. माडांचे शेंडे अधांतरी तरंगतात, आणि शेजारच्या अंगणात झाडलोट चालली असली तरी आवाज दुसऱ्या गावातून आल्यासारखा येतो. अशाच एका सकाळी खोतांची नात येसू हिला देवळात आणली. नऊ वर्षांची पोर. तीन दिवस पोटात कळा, अंग भाजतेय आणि पोट फळीसारखे कडक. तिचा बाप मुंबईला. आई गोदा तिचे डोके मांडीवर घेऊन बसली होती.

रामाने कौल लावला, गाऱ्हाणे घातले. पाकळ्या पडेनात! घटका गेली, दुसरी गेली. उजवी नाही, डावी नाही. खाडीला ओहोटी लागली होती, होडीखालचे पाणी उतरत होते आणि सारे गाव दोन पाकळ्यांकडे डोळे लावून बसले होते. शेवटी खोतांनी धाकूला बोलावणे पाठवले.

वर्षाने धाकू त्या उंबऱ्याच्या आत आला. त्याने पाषाणाकडे एक नजर टाकली आणि त्याला सगळे कळले. खोतांची नात म्हणून रामा इतका भेदरला होता की त्याने दोन्ही पाकळ्या जीव खाऊन दाबल्या होत्या.

"धाकू," खोत म्हणाले, "झालं गेलं विसर. तुझा हात जुना आहे. तू लाव."

बघा मंडळी, काय पेच पडला असेल त्याला! उजवी पाकळी कशी पडेल हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते? उजवीला थेंबभर पाणी कमी लावले की झाले. पोर वाचली असती. पण मग पुन्हा तोच कौल, तोच नेम, आणि उद्या आणखी कुणाची तरी शेवंती याच फरशीवर. आणि नाही लावला तर ही येसू? तिचे कण्हणे ऐकवत नव्हते. तो तसाच बाहेर ओट्याकडे धावला.

"महाराज, उठा हो! काय करू सांगा. लावू की नको?"

महाराजांनी एक डोळा उघडला.

"आता मलाही कौल लावतोस काय रे?" एवढे म्हणून ते पुन्हा कुशीवर वळले.

धाकू आत आला आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाला,

"अण्णा, पाकळी मी पाडीन तशी पडते. चाळीस वर्षं मला वाटायचं, ती देवी पाडते. शेवंतीच्या वेळी तुमच्या भीतीनं मी उजवी दाबली. माझ्या या अंगठ्यानं माझी पोर मारली. देवीनं नाही. येसूला न्यायचं तर उचला आणि न्या. कौल मी लावणार नाही."

खोतांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "खोटारड्या! आपलं पाप देवीच्या दारात टाकतोस? रामा, पुन्हा लाव!"

पण गोदा उठली. तिने पोरीला खांद्यावर घेतले.

"गोदे, कौलाशिवाय शीव ओलांडलीस तर माझ्या घराचं दार बंद!"

"असू दे मामंजी," ती म्हणाली. "धाकूकाका, होडी सोडा."

आणि येसूला घेऊन ती दोघे धुक्यात दिसेनाशी झाली.

होडी सोडली खरी, पण पाणी जेमतेम गुडघाभर राहिले होते. दोन्ही तीर केव्हाच हरवले. खाली पांढरे, वर पांढरे, आणि मध्ये ही होडी. धाकू काठी रेटत होता. थोड्या वेळाने त्याला वाटले, मागे कुणीतरी बसले आहे. वळून पाहतो तर महाराज! एक हात पाण्यात सोडून आरामात बसलेले.

"महाराज, तुम्ही कधी चढलात?"

"तू म्हणालास ना, देव सोडला म्हणून? मग आता हातात काय आहे?"

"काठी आहे."

"मग रेट ती."

धाकूला हसावे की रडावे कळेना. त्याने काठी रेटली. पुढे गाळ लागला आणि होडी रुतली. महाराज धोतर खोचून चिखलात उतरले आणि मागून ढकलू लागले. चिखलाचा चुबुक चुबुक आवाज तेवढा येत होता. गोदा पोरीच्या कानाशी काहीतरी गुणगुणत होती, आणि ते तिला आता आठवत नाही म्हणते.

"महाराज," धाकू म्हणाला, "जो कधी उत्तर देत नाही, त्याला देव कशाला म्हणायचं?"

"चाळीस वर्षं तू देवीला विचारत आलास, हो की नाही, हो की नाही," मागून महाराजांचा आवाज आला. "बिचारीला दुसरं काही बोलूच दिलं नाहीस."

"मग ती काय बोलते?"

"मला काय विचारतोस? मी तर झोपलेला असतो."

धाकू रेटत राहिला. काठी पाण्यात जात होती, वर येत होती. आणि त्या पांढऱ्या शांततेत त्याला वाटू लागले की कुणीतरी फार जवळ आहे. हुकूम न करणारे, न रागावणारे, पोरीच्या प्रत्येक श्वासाबरोबर घाबरणारे कुणीतरी. मग त्याच्या काळजात लख्खकन आले, की त्या दिवशी शेवंतीच्या उशाशीही हेच बसले असेल. देवीने 'जाऊ नको' म्हटले नव्हते. होडी कुणी रिकामी करतेय का, याची माझ्यासारखीच, माझ्यापेक्षाही जास्त, वाट बघत ती तिथे बसली असेल! धाकूच्या डोळ्यांना धारा लागल्या. वर्षभर त्याला रडू आले नव्हते. काठी मात्र त्याने थांबवली नाही.

गाळ संपला, होडी मोकळ्या पाण्याला लागली, आणि धाकूने मागे पाहिले तर मागे कुणी नव्हते.

इकडे देवळात काय चालले होते ते ऐका. खोत सभामंडपात येरझाऱ्या घालत होते. महाराज ओट्यावर गाढ झोपलेले. खोतांचा सगळा राग त्यांच्यावर निघाला. "याच्याच पायाशी बसून तो देवबुडव्या शेफारला!" म्हणत ते महाराजांना हलवून उठवायला गेले आणि हात तसाच राहिला. महाराजांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले होते. ओला, काळा, खाडीचा चिखल. सारवलेल्या ओट्यावर पाणी ठिबकत होते आणि धोतराच्या ओच्यातून बोटाच्या पेराएवढा एक खेकडा निघून तुरुतुरु चालत गेला.

"रामा," खोतांनी घोगऱ्या आवाजात विचारले, "महाराज उठून कुठे गेले होते का?"

"नाही अण्णा. मी इथंच उभा आहे. ते हललेसुद्धा नाहीत."

खोत मटकन खाली बसले आणि दिवसभर तिथेच बसून राहिले. कुणी पेज आणली, ती तशीच थंड झाली.

दुपारनंतर भरती लागली आणि संध्याकाळी धाकू एकटा परतला. "डॉक्टरांनी पोटाला चीर देऊन पू काढला," तो म्हणाला. "येसूनं डोळे उघडले. पाणी मागितलं. गोदा तिच्यापाशी आहे." आणि मग म्हणाला, "महाराज गाळात उतरले नसते तर आम्ही पोचलोच नसतो."

सगळे गाव ओट्याकडे वळले. महाराज उठून बसले होते आणि वाळलेला चिखल नखाने खरवडत होते. खोत पुढे झाले, दोन्ही हात जोडून त्यांच्या पायांवर वाकणार, तोच महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझ्याशी तुझं काय आहे? ज्यांच्याशी आहे त्यांच्याकडे जा," महाराज म्हणाले. आवाजात राग नव्हता.

खोत समजले. तीस वर्षांत ज्या घराकडे त्यांनी मान वळवून पाहिले नव्हते, त्या धाकूच्या अंगणात ते पायी गेले. मागे गाव. आवडाबाई चुलीपाशी भाकऱ्या भाजत होती, ती दारात आली. तिला ते नेहमी 'गुरवीण' म्हणत.

"वैनी," ते आज म्हणाले, "नारळ होते होडीत. नुसते नारळ. उतरवायला अर्धी घटका लागली असती. मला माहीत होतं. धाकूनं माझ्याकडे पाहिलं, तेव्हाच त्याच्या मनात काय आहे ते मला कळलं, आणि मी मान फिरवली."

आवडाबाईचा पिठाचा हात चौकटीवर तसाच होता. धाकू अंगणाच्या कडेला उभा होता, तिने एकदा त्याच्याकडे पाहिले.

"पोरगी वाचली?" तिने विचारले.

"वाचली."

ती आत गेली, दोन भाकऱ्या आणि सुक्या माशाची चटणी फडक्यात बांधून घेऊन आली. "गोदा सकाळपासून उपाशी असेल. उजाडल्यावर जाल, तेव्हा हे घेऊन जा. आणि घराचं दार उघडं आहे असं तिला आधी सांगा, मग जेवायला बसवा."

खोतांनी ती पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली, छातीशी धरली, आणि सगळ्या गावादेखत त्या माउलीच्या पायांवर डोके ठेवले. धाकू पुढे झाला आणि त्याने खोतांना खांद्याला धरून उठवले.