नासपती, शमशाद आणि उपाशी जादूगार

एका राज्यात राजवाडा अफाट होता, पण त्यामागचे अंगण जेमतेम एका झाडापुरते होते. सगळे रामायण त्या अंगणावरून घडले.

राजा भद्रायूला तिथे शमशाद लावायचा होता. शमशाद म्हणजे बारीक गोल पानांचे, बारा महिने हिरवे राहणारे झुडूप. कातरीने कापावे तसा आकार घेते. हत्ती म्हटले तर हत्ती, मोर म्हटले तर मोर. पाने गाळत नाही, पसरत नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. राणी मृगावतीला मात्र नासपती हवी होती. वसंतात पांढरी फुले, उन्हाळ्यात सावली, मग रसाळ फळे. राजा म्हणे, पहिले फळ हाती येईपर्यंत आपले केस पिकतील, आणि गळालेली पाने कोण झाडणार? राणी म्हणे, तुमचा शमशाद हिरवा खरा, पण पाहून पोट भरते का? युद्ध आणि तह यांवर दोघांचे लगेच एकमत होई. अंगणाचे नाव निघाले की संपले.

अखेर निवाड्यासाठी त्यांनी तांबड्या डोंगरावरचा जादूगार कालकंठ याला बोलावले. तो दिवसभर चालून आला, भुकेने व्याकूळ होऊन पाटावर बसला. समोर रिकामे ताट. राणीच्या हातात डाव, पण तोंडात नासपती. राजाच्या तोंडात शमशाद. दोघांची जुंपलेली. कालकंठाने वाट पाहिली, मग नम्रपणे म्हणाला, "वाढा."

राजाचे अर्धे लक्ष. त्याला वाटले, हा झाडाविषयी सांगतो आहे. तो ताडकन म्हणाला, "मुळीच वाढू देणार नाही. कापून गुडघ्याएवढा ठेवणार."

पाहुणा रिकाम्या ताटावरून उठला. पाहुण्याने असे उठावे याहून वाईट त्या घरात आजवर काही घडले नव्हते. कालकंठाने अंगणाकडे बोट केले. तिथे खेळणारा धाकटा राजपुत्र इंद्रसेन दिसेनासा झाला आणि मातीतून दोन झाडे वर आली, एक नासपती, एक शमशाद.

"एक तुमचा मुलगा, दुसरा माझा शाप," कालकंठ म्हणाला. "माझ्या ज्या शब्दाला उलटं उत्तर मिळालं, तो आता तुम्ही तिघांनी पुरा करा. आधी तुमच्या थोरल्या मुलीने, मग राणीने, मग राजाने. वाढवा, वाढा, वाढवा. नासपतीचं शेवटचं पान भुईला टेकण्याआधी झालं नाही, तर दोन्ही झाडं वाळतील."

एवढे बोलून तो वेशीबाहेर उपाशीच बसून राहिला.

राणीने नासपतीला मिठी मारली. राजा शमशादापाशी बसला. इंद्रसेन शहाणा, आज्ञाधारक, म्हणजे हाच तो, अशी त्याची खात्री. इथेही नवरा-बायकोचे जुळले नाही, काय म्हणावे! राजा घागरीमागून घागरी ओतू लागला. शापाच्या झाडांना ऋतूंची घाई असते. नासपती बघता बघता फुलली, आणि फुले फळ न धरताच झडू लागली.

मोठी राजकन्या वल्लरी हताश होऊन पाहत होती. फांदीवरची साळुंकी म्हणाली, "राजकन्ये, नासपती एकटी फळत नाही. शेजारी दुसरी फुललेली नासपती लागते. शमशादाला कुणीच लागत नाही."

वल्लरीच्या काळजात लख्ख झाले. इंद्रसेन तिच्याशिवाय कधी जेवला नव्हता. ती समोर बसल्याशिवाय पहिला घास घेत नसे. ती म्हणाली, "मग नासपती हाच माझा भाऊ. दुसरी कुठे आहे?"

साळुंकीने आपले एक पीस दिले. ते केसांत खोचताच वल्लरी हलकी झाली आणि उडाली. पर्वतापलीकडे ओसाड रानात एक फुललेली नासपती होती. तिच्या बुंध्याला अजगराचे वेटोळे आणि मुळांशी सोन्याचे हंडे. त्या सोन्याला शाप होता. हात लावणाऱ्याचा दगड होई. भोवती दगडांची काही कमी नव्हती.

"किती हंडे नेणार?" अजगराने विचारले.

"एक फांदी, फुलांसकट," वल्लरी म्हणाली.

अजगराने वेटोळे सैल केले. त्याला कुणी फुले कधी मागितलीच नव्हती. मग त्याने स्वतः दातांनी फांदी तोडून दिली.

वल्लरीने ती आणून नासपतीशेजारी रोवली. मधमाश्या धावल्या, इकडून तिकडे, तिकडून इकडे. फळे धरली, फुगली, फांद्या वाकल्या. पहिला शब्द पुरा झाला. वल्लरीला हसू आणि रडू एकदमच आले.

पण पानेही पिवळी पडू लागली. सगळे म्हणाले, राणीसाहेब, फळे वाढा लवकर! राणीला आपले झाड ठाऊक होते. नासपती झाडावर पिकू दिली तर आतून सडते. कडक असताना उतरवावी आणि पेंढ्यात ठेवावी. तिने फळे उतरवली, पेंढ्यात झाकली आणि शेजारी बसून राहिली. बाहेर पाने गळत होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता, तरी तिने घाई केली नाही. देठाजवळ बोट दाबले आणि ते हलकेच रुतले, तेव्हाच ती उठली.

कालकंठाला वेशीवरून आत आणून पाट मांडला. राणीने एक शब्दही न बोलता ताटात फळे वाढली, वाढत राहिली. रस त्याच्या कोपरापर्यंत ओघळला. शेवटी तो म्हणाला, "पुरे. पोट भरलं. पण दिलेला शाप मलाही मागे घेता येत नाही. आता राजा."

दुसरा शब्द पुरा झाला आणि नासपतीवर तीन पाने उरली.

राजा तर कधीपासून वाढवत होता! पाणी पिऊन शमशाद हत्तीएवढा झाला होता. मुळांनी भिंती फोडल्या, फांद्यांनी दारे बंद केली. राजा नवी घागर घेऊन धावला आणि नासपतीचे एक पान गळाले.

इतक्यात ताट उचलताना राणीची काचेची बांगडी काठावर आपटली. दासी हळूच म्हणाली, "राणीसाहेब, बांगडी वाढली."

वल्लरी जागीच थबकली. बांगडी फुटली असे कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. नारळही देवापुढे वाढवतात, फोडत नाहीत. ती वडिलांकडे धावली. "आबा, घागर ठेवा. शमशाद वाढवा. नारळ वाढवतात तसा."

राजाचा चेहरा पांढरा पडला. "आणि हाच माझा इंद्रसेन असला तर?"

"आबा, याला कुणीच लागत नाही. इंद्रसेनला मी लागत होते. तुम्हाला त्याच्यासारखं कुठलं झाड वाटतं, ते तुम्हीच सांगा."

राजाने नासपतीकडे पाहिले. दुसरे पान गळाले. मग त्याने तलवार घातली. शमशादाचे लाकूड भलते टणक, तलवार मोडली. कुऱ्हाड घातली, दांडा निसटला. तिसऱ्या खेपेला त्याने मुकुट काढून ठेवला, डोळे मिटले, मुलाचे नाव घेतले आणि सगळ्या बळानिशी बुंध्याला खांदा दिला. शेवटचे पान देठातून सुटले. ते हवेत तरंगत असतानाच शमशाद कडाड्कन मोडला.

पान भुईला टेकले नाही. एका लहान हाताने ते वरच्या वर झेलले. नासपती नव्हती. तिथे इंद्रसेन उभा होता, केसांत पांढऱ्या पाकळ्या घेऊन. राजा त्याला छातीशी धरून लहान मुलासारखा रडला.

शाप उतरला, फुटलेल्या भिंती मागे सरकवून सांधल्या आणि अंगण ऐसपैस झाले. अजगराच्या फांदीला मुळे फुटली, तिच्या सोबतीला राणीने फळातले बी पेरले. शमशादाच्या मोडक्या काड्या राजाने भोवती खोचल्या. त्याही जगल्या आणि गुडघ्याएवढे हिरवे कुंपण झाले. मोडले होते, तेच वाढले. नासपती की शमशाद, हा वाद त्या घरात पुन्हा निघाला नाही.

पण हे सगळे पुढचे. त्या दिवशी पाट मांडले, कालकंठालाही आग्रहाने पुन्हा बसवले. इंद्रसेनने वल्लरीला समोर ओढून बसवले आणि रिकामे ताट पुढे सरकवले.

"आई, वाढ."

राणीने डाव उचलला. राजाने तोंड मिटले. ताटे वाढली आणि कहाणी इथे हात धुऊन उठली.