माईक कोणासाठी

“पण भंते, हा कागद वाचल्याशिवाय कसं कळणार, यातला चांगला कोणता?”

प्रशीलच्या पुढ्यात चटईवर दोन हेडसेट होते. एक एका कानाचा, दुसरा दोन्ही कानांचा. दोन्हींना लांब वायर. दुकानदाराने बघायला म्हणून दिलेले, सोबत माहितीचा कागद.

“वाच की,” भंते रत्नसार म्हणाले. “मी कुठं नको म्हणतोय?”

त्यांचा विहार भंडाऱ्याच्या बाहेर, एका वेल्डिंगच्या शेडला लागून होता. विहारात एक फोन होता. ज्याला कोणाशीच बोलता येत नाही त्याने तिथं फोन करावा, हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक. कित्येक वर्षं भंतेच तो उचलत. आता प्रशील उचलायचा. कॉम्प्युटरची नोकरी सोडून तो इथं शिकायला आला होता. आपल्याला बरंच येतं, हे मात्र विसरून आला नव्हता.

मागच्या आठवड्यात एका बाईचा फोन आला. जेमतेम बोलायला लागली आणि थांबली.

“तिथं कोण हसतंय?” तिने विचारलं.

“कोणी नाही,” प्रशील म्हणाला.

तिने फोन ठेवला. पुन्हा काही केला नाही.

जुना फोनच खराब, शेडच्या आवाजात तिचं धड ऐकूच आलं नाही, असं प्रशीलने ठरवून टाकलं. म्हणून हे हेडसेट.

तो वाचू लागला. “फ्रीक्वेन्सी, वीस ते वीस हजार हर्ट्झ. म्हणजे ढोलापासून बासरीपर्यंत सगळं ऐकू येणार.”

“आपल्या फोनच्या तारेतून यातलं किती येतं?”

प्रशील थांबला. “तीनशे ते... साडेतीन हजार.”

“मग उरलेलं कुठून ऐकणार?”

प्रशील पुढच्या ओळीवर गेला.

“इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, बत्तीस ओहम.”

“त्याचं काय करायचं?”

“काही नाही. फोनला जुळला की झालं. हा जुळतो.”

“बरं.”

“आणि ही खरी कामाची गोष्ट. माईक गोंगाट गाळतो. दोन्हींत आहे.”

“गोंगाट कोणाला ऐकू येणार नाही?”

“मला.” तो जरा हसला. “लावून दाखवतो ना.”

भंते उठले. मागे, शेडपासून लांब, ग्रंथालयात त्याच तारेवरचा दुसरा फोन होता, तिथं गेले. प्रशीलने एका कानाचा हेडसेट फोनला जोडून लावला. शेडमध्ये ग्राइंडर चालूच होता.

“भंते, हा बिघडलेला आहे,” तो माईकमध्ये म्हणाला. “ग्राइंडर चांगला ऐकू येतोय.”

“मला नाही येत,” पलीकडून भंते म्हणाले.

“अजिबात नाही?”

“तुझा श्वास ऐकू येतोय. ग्राइंडर नाही.”

प्रशीलने कागद पुन्हा उचलला. ओळ तीच होती. माईक गोंगाट गाळतो. माईक. कानाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

त्या बाईचा फोन आला त्या दिवशी विहाराच्या स्वयंपाकघरात बाया भाकरी थापत हसत होत्या. रोजच हसायच्या. त्याच्या कानाला ते इतकं सवयीचं झालं होतं की त्याला ऐकूच आलं नव्हतं. तिला आलं होतं.

त्याने कागद खाली ठेवला. मग माईकमध्ये हळूच म्हणाला, “ती पुन्हा फोन करेल, भंते?”

“माहीत नाही.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

प्रशीलने मनाला सावरलं. माईक तिकडच्या माणसासाठी, हे कळलं. आता इकडच्या कानाचीही सोय केली की काम झालं. त्याने दुसरा हेडसेट उचलला. जाड गाद्यांचा, दोन्ही कान झाकणारा. लावला, आणि ग्राइंडर खरंच दूर गेला. शेड गेली, स्वयंपाकघर गेलं. त्याला बरं वाटलं. त्याने डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा समोर चटईवर एक म्हातारा बसला होता. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेलं. भंते त्याला तांब्यातून पेल्यात पाणी ओतून देत होते. म्हातारा घटाघट पीत होता, निम्मं पाणी छातीवर सांडत होतं.

प्रशीलने हेडसेट घाईने मानेवर ओढला. “हे केव्हा आले?”

“मघाच. उंबऱ्यात उभे राहून हाका मारत होते.”

“मला...” प्रशील अडखळला. “पण भंते, फोनवरच्या माणसाचं मन लावून ऐकायचं, तर दोन्ही कान त्यालाच द्यायला हवेत ना?”

भंतेंनी रिकामा पेला घेतला, पुन्हा भरला, म्हाताऱ्याच्या हातात दिला.

“आणि दारातल्या माणसाने काय फोन लावायचा?”