तीन कोठारं आणि गाईचा चुरमा

पिंपळदरीत त्रिंबक नावाचा एक भोळा माणूस राहत होता. सांगितलेलं काम तो सांगितलं तस्संच करी. तेच तर दुखणं होतं.

गावाबाहेर एका कंपनीचं कोठार होतं. धान्याचं नव्हे, लोकांच्या फोटोंचं नि कागदपत्रांचं. थंडगार खोलीत कॉम्प्युटरांच्या रांगा आणि त्यांत सगळं जपून ठेवलेलं. अशीच आणखी दोन कोठारं होती, एक नागपूरला, एक कोल्हापूरला. त्रिंबक इथल्या कोठारात तात्पुरता लागला. नोकरी कायम व्हावी म्हणून त्याची बायको गोदा हिनं सोळा सोमवार धरले. सोमवारी पूजा उरकेपर्यंत ती मौन पाळी.

पहिल्याच दिवशी तिथल्या प्रमुख दळवी मॅडमनी बजावलं, "मोलाची वस्तू एकाच जागी ठेवायची नाही. तीन प्रती, तीन जागी."

"बरं मॅडम."

संध्याकाळी गोदा देवळातून आली, तर दाराला कुलूप आणि पायरीवर त्रिंबक.

"अहो, किल्ली?"

"तीन करून घेतल्या. एक नागपूरला मावशीकडे धाडली, एक कोल्हापूरला ताईकडे."

"आणि तिसरी?"

"ती घरात. देवाजवळ. मग कुलूप दाबून टाकलं."

कौलं काढून आत उतरावं लागलं.

मॅडमच्या कानावर गेलं. "अहो, प्रती लांब असल्या तरी मागणाऱ्याला जवळची काढून द्यायची. समजलं?"

"समजलं."

आठवड्यानं गावातल्या साळुंखेकाकांनी लेकीच्या लग्नाचे फोटो मागितले. त्रिंबकनं लगेच पाठवले. लगेच फोनही आला.

"अहो, हा नवरदेव कोण?"

"जवळ होता तो."

"आणि आमचा जावई?"

"ते पार मागच्या रांगेत होते."

मॅडमनी डोकं धरलं. "देण्याआधी खात्री करा हो! शंका आली की तिन्ही कोठारांचं बघा. दोघांचं जुळलं की ते खरं."

भर वैशाखात कोल्हापूरचं हवा गार करणारं यंत्र बंद पडलं. तिथले राखणदार कांबळे फोनवर ओरडले, "त्रिंबकराव, खोली तापलीय! वरच्यांना कळवा!"

त्रिंबकनं नागपूरला विचारलं. ते म्हणाले, गार आहे. त्यानं आपल्या खोलीत हात फिरवून पाहिला. गार.

"कांबळे, दोघांचं जुळलं. तुमच्याकडे गार आहे."

"अहो, शर्ट पिळून काढतोय मी!"

"पिळू नका, घाला. सर्दी होईल."

कोल्हापूरचं सगळं कोठार जळून बसलं.

"नशीब, बाकी दोन जागी सगळं होतं," मॅडम म्हणाल्या. "आता नीट ऐका. एक जागा रिकामी झाली की दुसऱ्या दोन जागांवरून भरायची. तिन्ही सारख्या होईस्तोवर थांबायचं नाही. सोमवारी उद्यापनाला येईन तेव्हा तुमच्या नोकरीचं काय ते सांगेन."

सोमवारी गोदानं पाच शेर कणकेचा चुरमा केला, तूप-गूळ सढळ हातानं घालून. रीतीप्रमाणे तीन भाग केले. एक देवापुढं, एक घरच्यांसाठी नि पाहुण्यांसाठी, एक गाईच्या टोपल्यात. मग मौन धरून पूजेला बसली.

गाईनं टोपलं चाटूनपुसून साफ केलं. त्रिंबक दचकला. एक जागा रिकामी!

त्यानं घरच्या भागातून उपसून टोपलं भरलं. गाईनं खाल्लं. त्यानं देवापुढून उपसलं. गोदानं दोन्ही हात हलवले.

"हो हो, दोन्ही हातांनीच भरतोय!"

मॅडम आल्या तेव्हा आरती संपत होती. गोदाचं मौन सुटलं.

"अहो, चुरमा?"

"तिन्ही जागा सारख्या झाल्या," त्रिंबक घाम पुसत म्हणाला. "कुठंच काही नाही."

गाय बसली होती ती उठेना.

गोदा शेजारच्या काकूंकडे गेली आणि झाकलेलं पातेलं घेऊन आली. "थोडा तिकडे काढून ठेवला होता," ती मॅडमना म्हणाली. "माझं माणूस मला ठाऊक आहे."

मॅडमनी प्रसाद तोंडात टाकला. "गोदाताई, कोठार खरं तर तुम्ही सांभाळायला हवं."

"मला माझे देव पुरेत हो. यांना तेवढं कायम करा. मनात खोट नाही त्यांच्या."

मॅडमना नाही म्हणवेना. "केलं कायम. पण त्रिंबकराव, यापुढे गोदाताईंना विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही."

"बरं मॅडम."

देव पावला म्हणून गोदानं पुढचा सोमवारही आनंदानं धरला. त्या सकाळी कोठाराच्या फाटकाशी मॅडमची गाडी आली. त्रिंबकनं घरी फोन लावला.

"अगं, मॅडम आल्यात. फाटक उघडू?"

गोदानं फोन कानाला लावला, पण पूजा चालली होती. तिनं जोरजोरात घंटा वाजवली.

"त्रिंबकराव, उघडा!" मॅडम बाहेरून ओरडल्या.

"थांबा मॅडम, तिची पूजा चाललीय. तुम्हीही हात जोडा."

गोदाला जसा शंकर पावला, तसा सगळ्यांना पावो. मॅडमना दुपारी बारा वाजता पावला.